झूम वाढवायचा की उजेड?

वाचकांचे प्रश्न : खेळांचे फोटो

ताई, माझ्याकडे क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरचा डीएसएलआर आहे आणि त्याच्यासोबत घेतलेली ७०-३०० मिमी, एफ/४.५-५.६ लेन्स. मोठी मुलगी फुटबॉल खेळते, धाकटा मुलगा बॅडमिंटन. भर दुपारच्या सामन्यांचे फोटो बरे येतात. संध्याकाळी आणि हॉलमध्ये मात्र एकतर सगळं हललेलं, नाहीतर दाणेदार. आता एक चांगली लेन्स घ्यायची ठरवलीय. ७०-२०० एफ/२.८, १००-४०० आणि १५०-६०० या तिघींत अडकलोय. मित्र म्हणतो, ३०० सोडून २०० घेणं म्हणजे पैसे मोजून मागे जाणं. परवडणार एकच आहे, सांगा कुठली घेऊ? – दोन खेळाडूंचा बाप

तुमच्या मित्राला क्षणभर बाजूला बसवा आणि संगणकावर जुने फोटो उघडा. प्रत्येक फोटोसोबत कॅमेऱ्यानं फोकल लेंग्थ (लेन्सचा पल्ला, मिमीमध्ये), शटर (ते सेकंदाचा कितवा भाग उघडं होतं) आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, ती वाढवली की दाणे येतात) नोंदवून ठेवलेलं असतं. वाया गेलेले फोटोच आधी बघायचे. त्यात जागोजागी ३०० दिसत असेल, त्यावर तुम्ही आणखी कापाकापी केली असेल आणि तरी मुलगी मुंगीएवढी दिसत असेल, तर तुम्हाला पल्ला कमी पडतोय. आयएसओ छताला टेकलेला आणि शटर १/२५० च्या आसपास रेंगाळलेलं दिसलं, तर उजेड कमी पडतोय. मी तुमचे फोटो पाहिलेले नाहीत, पण 'दुपारी बरे, संध्याकाळी वाईट' एवढ्यावरून आजार कळतो. दुपारी आणि संध्याकाळी मैदानाची लांबी बदलत नाही.

एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं दार मोठं. एफ/५.६ वरून एफ/२.८ वर आलं की चौपट उजेड आत येतो. हॉलमध्ये आज तुम्हाला १/२५० मिळत असेल, तर त्याच आयएसओवर १/१००० मिळेल. हा फरक केवढा ते पाहा. २००९ मध्ये बर्लिनला उसेन बोल्टनं शंभर मीटर ९.५८ सेकंदांत कापले, म्हणजे सरासरी सेकंदाला जवळजवळ साडेदहा मीटर. १/२५० सेकंदात तो चार सेंटिमीटर पुढे सरकतो, १/१००० मध्ये एक. आणि हे झालं धडाचं. हात-पाय त्याहून कितीतरी जोरात फिरत असतात, म्हणून चेहरा स्पष्ट आणि बूट गायब असे फोटो येतात. मुलांचा वेग बोल्टच्या निम्मा धरला तरी १/२५० पुरत नाही. मैदानावर मी १/१००० च्या खाली नाइलाज झाल्याशिवाय उतरत नाही. उजेड भरपूर असला तर १/२०००.

शटल थिजलेलं दिसावं ही अपेक्षा मात्र सोडून द्या. सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशचा वेग २०२३ मध्ये चाचणीत ताशी ५६५ किलोमीटर मोजला गेला. त्या वेगाचं शटल १/१००० सेकंदात जवळजवळ सोळा सेंटिमीटर जातं. रॅकेट सोडल्यावर ते झपाट्यानं मंदावतं हे खरं, तरी स्मॅशच्या क्षणी ती पांढरी रेघच येणार. येऊ द्या, तिच्यामुळेच फोटोत जोर दिसतो.

आता पल्ल्याकडे येऊ, कारण मित्राची शंका अगदीच फालतू नाही. वहीत एकदा हिशेब मांडून ठेवा. खेळाडूची उंची गुणिले फोकल लेंग्थ, भागिले अंतर, म्हणजे सेन्सरवर पडणारी प्रतिमा. क्रॉप सेन्सरची उभी बाजू साधारण १५ मिमी असते. दीड मीटर उंचीची तुमची मुलगी निम्मी फ्रेम, म्हणजे साडेसात मिमी, भरायला हवी असेल तर २०० मिमीवर ती ४० मीटरच्या आत हवी, ३०० वर ६० मीटर, ४०० वर ८०. निम्म्याहून कमी फ्रेम भरली तर फोटो मिळतो, पण चेहऱ्यावरचे भाव हरवतात. मोठ्यांच्या आंतरराष्ट्रीय सामन्याचं फुटबॉल मैदान १०५ बाय ६८ मीटर असतं, मुलांचं बरंच लहान. म्हणजे २०० मिमी घेऊन मध्यरेषेवर उभं राहिलात तर दोन्ही गोल दूर पडतात आणि मित्र खरा ठरतो. गोलरेषेच्या मागे, गोल आणि कोपऱ्यातला झेंडा यांच्या मधे बसलात, तर ४० मीटरमध्ये पेनल्टी क्षेत्र तर येतंच (ते साडेसोळा मीटर खोल असतं), पुढचाही बराच भाग येतो. मुलगी ज्या गोलवर चढाई करते तिथे बसा. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, तुम्हीही बदला. पलीकडच्या टोकाला काय चाललंय ते शांतपणे बघायचं, कॅमेरा खाली ठेवून. पालकांना हे जड जातं, मला माहीत आहे. पण लांबून टिपलेले खेळाडू बहुतेकदा पाठमोरे असतात, आणि पाठमोऱ्या फोटोला कुठलीच लेन्स वाचवत नाही.

बॅडमिंटनला उलटा त्रास. कोर्ट १३.४ मीटर लांब आणि ६.१ मीटर रुंद. तुम्ही या टोकाला, मुलगा जाळीपलीकडे, अंतर धरा बारा मीटर. १५०-६०० ची सुरुवातच १५० पासून. बारा मीटरवर १५० मिमीनं दीड मीटरच्या मुलाची प्रतिमा जवळजवळ १९ मिमी होते आणि सेन्सर आहे १५ चा. कॅमेरा आडवा धरला तर एकतर डोकं कापलं जाईल नाहीतर पाय, आणि हात वर करून उडी मारली की दोन्ही. शिवाय तिथे एफ/५ ते ६.३, म्हणजे उजेड आजच्यापेक्षाही कमीच. तेव्हा यादीतून १५०-६०० खोडा. ती पक्ष्यांची आणि मोकळ्या उन्हातल्या मोठ्या मैदानांची लेन्स आहे.

उरल्या दोन. १००-४०० छान असते. कॅननची २०१४ ची दुसरी आवृत्ती मी पुष्कळ वापरली आहे आणि दिवसाच्या अॅथलेटिक्सला मला तीच हवी असते. पण ती एफ/४.५-५.६ आहे, म्हणजे उजेडाच्या बाबतीत तुम्ही आज आहात तिथेच राहाल. एक गंमत बघा. २०० ला २.८ नं भागा, ७१ येतात. ४०० ला ५.६ नं भागा, तरी ७१ च. लेन्समधून उजेड आत येतो ते दार दोघींचं सारख्याच व्यासाचं, म्हणून वजनं आणि किमतीही एकमेकींच्या आसपास फिरतात. तेवढीच काच तुम्ही उजेडासाठी खर्चायची की पल्ल्यासाठी, एवढाच प्रश्न आहे. दोन्ही हवं असेल, म्हणजे ४०० मिमी एफ/२.८, तर दार १४३ मिमीचं लागतं. मोठ्या सामन्यांत सीमारेषेवर दिसतात त्या तोफा त्याच.

याच दारामुळे तुम्हाला आणखी एक गोष्ट मिळेल, तुम्ही विचारली नसली तरी. सामन्यांच्या मागे काय नसतं? उभ्या गाड्या, फलक, पाण्याच्या बाटल्या, फोनमध्ये डोकं घातलेले प्रेक्षक. तुमच्या आत्ताच्या लेन्सचं दार ३०० मिमीवर ५४ मिमीचं आहे. त्याच जागेवरून ७१ च्या दारातून ही सगळी जत्रा जास्त विरघळते. म्हणजे फोकल लेंग्थ कमी असूनही पार्श्वभूमी मऊ. हे मित्राला जरूर सांगा.

फोकसबद्दल दोन शब्द. डीएसएलआर फोकस करताना लेन्स पूर्ण उघडी ठेवून बघतो. बऱ्याच कॅमेऱ्यांतले मधले फोकस बिंदू एफ/२.८ च्या लेन्सवर जास्त अचूक चालतात. त्यातून किटच्या ७०-३०० ची मोटर सहसा आळशी. खेळाडू अंगावर धावत आला की ती मागून धापा टाकत येते. तुमचे कितीतरी 'हललेले' फोटो प्रत्यक्षात फोकस चुकलेले असतील. ओळखायची खूण अशी: सगळंच ओघळलेलं असेल तर शटर कमी पडलं. मुलगी धूसर आणि तिच्यामागचं गवत लख्ख, तर फोकस मागे राहिला. नव्या लेन्सच्या अंगावर फोकसची मर्यादा ठरवणारं छोटं बटण असेल (कॅननच्या ७०-२०० एफ/२.८ च्या दुसऱ्या आवृत्तीवर '२.५ मीटर ते अनंत' असं असतं). ते लावून टाका. मधेच कुणी समोरून गेलं तर लेन्स जवळचं शोधायला खोलात उतरत नाही, पटकन परत येते.

थोडक्यात, ७०-२०० एफ/२.८. पण आधी एखादा शनिवार-रविवार भाड्यानं आणून वापरा, कारण वजनाची कल्पना कागदावरून येत नाही. डीएसएलआरसाठीच्या या लेन्सेस दीड किलोच्या आसपास असतात, त्यात कॅमेरा वेगळा. पहिल्या अर्ध्यात काही वाटत नाही. दुसऱ्या अर्ध्यात डावं मनगट बोलायला लागतं आणि नेमका तेव्हाच गोल होतो. हातात धरून काढणार असाल तर ट्रायपॉड कॉलरचा (लेन्सभोवतीच्या, स्टँडला बसणाऱ्या कड्याचा) पाय वरच्या बाजूला फिरवून ठेवा, नाहीतर तो तळव्यात रुतत राहतो. डावा तळवा लेन्सखाली, कोपर बरगडीला टेकवलेलं, झूम अंगठा आणि तर्जनीनं. फुटबॉलला मोनोपॉड (एकपायी स्टँड) घ्या. बॅडमिंटनला नको, तिथे कॅमेरा सतत वर-खाली होतो.

कॅमेरा कंपनीचीच हवी असा हट्ट धरू नका. टॅमरॉनची २०१७ ची जी-टू आणि सिग्माची २०१८ ची स्पोर्ट्स, दोन्ही खणखणीत आहेत. पुढेमागे मिररलेसकडे (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याकडे) जायचा विचार असेल तर एवढं बघा: कॅननच्या ईएफ लेन्सेस अॅडॅप्टर लावून आर मालिकेच्या कॅमेऱ्यांवर उत्तम चालतात. निकॉनमध्ये स्वतःची मोटर असलेल्या एएफ-एस लेन्सेसचा फोकस एफटीझेड अॅडॅप्टरवर चालतो, जुन्या एएफ-डी लेन्सेसचा चालत नाही. तेव्हा जुनी ८०-२०० स्वस्तात मिळतेय म्हणून हुरळून जाऊ नका.

आणि समजा हे सगळं खिशाबाहेर गेलं, तर? ८५ मिमी एफ/१.८ घ्या, ७०-३०० दुपारच्या फुटबॉलसाठी ठेवा. ८५ ची लेन्स एफ/२.८ पेक्षाही सव्वा स्टॉप जास्त उजेड देते (एक स्टॉप म्हणजे दुप्पट), आणि बारा मीटरवर तुमचा मुलगा तिच्यात फ्रेमच्या दोन-तृतीयांशाहून थोडा जास्त भरतो, उडीला वर जागा ठेवून. संध्याकाळचं फुटबॉल मात्र तुम्हाला सोडून द्यावं लागेल. ते सुटणार नसेल, तर थोडे महिने थांबून ७०-२०० च घ्या.

नवी एफ/२.८ घेतली, तरी इनडोअर सामन्यांत एकामागून एक काढलेल्या फोटोंत एक पिवळट, एक काळपट, एक बरा असं येतं. काहींत आडवा पट्टाही दिसतो. लेन्स सदोष निघाली का?

लेन्स निर्दोष आहे, परत करायला जाऊ नका. दोष दिव्यांचा. विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होतो आणि बरेच दिवे त्याच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाला १०० वेळा, उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला कळत नाही. पूर्वी तुम्ही १/१०० किंवा १/१२५ वर काढत होता, तेव्हा एका फोटोत जवळपास पूर्ण फेरा मावत होता. आता नव्या लेन्सनं १/१००० दिलं, तर त्या फेऱ्याचा दहावा हिस्साच हाती येतो, कधी उजळ, कधी मंद. म्हणजे लेन्स चांगली आली म्हणूनच दिव्यांची लबाडी उघडी पडली.

कॅमेऱ्याच्या मेन्यूत अँटी-फ्लिकर नावाची सोय शोधा. कॅननमध्ये ती २०१४ च्या सेव्हन-डी मार्क टू पासून आली, आता बहुतेक चांगल्या कॅमेऱ्यांत असते. कॅमेरा दिव्यांची लय ओळखतो आणि उजेडाच्या शिखरावरच शटर सोडतो. सलग फोटोंचा वेग किंचित पडतो, पडू द्या. मिररलेस असेल तर हॉलमध्ये मेकॅनिकल शटर वापरा. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीनं वाचतं, त्यातून ते आडवे पट्टे येतात. (२०२३ चा सोनी ए-नाइन थ्री सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचतो, पण तुमच्याकडे तो असता तर पत्रात त्याचं नाव आधी आलं असतं.) सोयच नसेल तर रॉमध्ये (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, एका उजेडाचे फोटो निवडून ठेवा आणि बाकीचे खुशाल पुसा.

७०-२०० एफ/२.८ वर दोनपट टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्यामधे बसणारी, पल्ला वाढवणारी जोडकाच) लावला की ४०० होतंच. मग १००-४०० वेगळी कशाला घ्यायची?

होतं, पण ते १४०-४०० एफ/५.६ होतं. दोनपटीचे दोन स्टॉप जातात, १.४ पटीचा एक. म्हणजे ज्या उजेडासाठी एवढी जड लेन्स घेतली, तोच गेला. वर फोकस मंदावतो आणि लेन्समध्ये जे काही बारीक दोष आहेत ते कन्व्हर्टर मोठे करून दाखवतो. उभ्या असलेल्या गोलरक्षकाला चालून जाईल. अंगावर येणाऱ्या धावपटूला मला ते आवडत नाही.

१.४ पटीचा मात्र पिशवीत असावा. ९८-२८० एफ/४ ही उन्हातल्या मैदानाला फार सोयीची जोडी आहे आणि फोकसची तक्रार क्वचितच येते. एफ/५.६ च्या झूमवर तो लावायच्या भानगडीत पडू नका. एफ/८ झालं की बऱ्याच डीएसएलआरचा ऑटोफोकस बंद पडतो, काहींत मधला बिंदू तेवढा चालतो. मिररलेसवाल्यांना हा जाच कमी.

घेण्याआधी जोडी जुळते का ते पाहा. कॅननची २०१९ ची आरएफ ७०-२०० एफ/२.८ कन्व्हर्टर घेतच नाही, मागे जागाच नाही. २०२४ मध्ये आलेली 'झेड' घेते. आरएफ १००-५०० घेते, पण फक्त ३०० च्या पुढे. कन्व्हर्टर लावला की झूम ३०० च्या अलीकडे येत नाही आणि पिशवीत ठेवताना ती लांबलचक तशीच ठेवावी लागते. दुकानात या गोष्टी आपणहून कुणी सांगत नाही.

लेन्सच्या खोक्यावर 'पाच स्टॉपचं स्थिरीकरण' लिहिलंय. तरी खेळाडू हललेले का?

कारण ते तुमच्या हाताचं कंपन थांबवतं, खेळाडूला नाही. एवढंच.

तुमच्या पत्रात सायकल शर्यतीचा उल्लेख आहे म्हणून पुढचं लिहिते. तिथे स्थिरीकरण खरंच कामाला येतं, फक्त मोड दोन लावा. त्यात लेन्स आडव्या फिरवण्याशी झगडत नाही, वर-खाली होणारी थरथर तेवढी आवरते. शटर १/६० वर आणा. पाय आधी शेवटच्या दिशेला रोवा, कंबर मागे वळवून सायकलस्वाराला लांबून पकडा आणि कंबरेतून फिरत या. बटण दाबताना थांबायचं नाही, दाबल्यावरही फिरतच राहायचं. हेल्मेट लख्ख, चाकांच्या आऱ्या विरघळलेल्या आणि मागचं सगळं आडव्या रेघांत असा फोटो मिळतो. ढिगानं वाया जातात, तरी इथे काटकसर नको. बाकी १/१००० च्या वर मी स्थिरीकरण बंदच ठेवते. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र तरंगल्यासारखं सरकतं ते मला खटकतं. ज्यांना ते चालू ठेवून बरं वाटतं त्यांनी ठेवावं, काही बिघडत नाही.

ताई, मी कॉलेजच्या अंकासाठी सामने कव्हर करतो. नवी ७०-२०० शक्यच नाही, वापरलेली बघतोय. काय तपासू?

वापरलेली घेतोयस ते उत्तमच. या लेन्सेस मार खायलाच बनवलेल्या असतात. बाहेरचा रंग उडालाय म्हणून नाक मुरडू नकोस, काच आणि मोटर बघ.

टॉर्च घेऊन जा. दोन्ही टोपणं काढ, मागून टॉर्च तिरका धर आणि पुढून बघ, मग उलट. धुळीचे चार कण असणारच, ते फोटोत येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे कडेपासून आत सरकताना दिसले तर ती बुरशी. हसून आभार मान आणि निघ. काच एकसारखी दुधाळ दिसली तरी निघ, कारण समोरून प्रकाश आला की अख्खा फोटो फिका पडतो. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा त्यापेक्षा कितीतरी सुसह्य, आणि त्याच्यावर भाव पाडूनही मागता येतो.

मग माउंटजवळचे, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते तिथले, स्क्रू बघ. त्यांचे माथे खरवडलेले असतील तर लेन्स कुणीतरी उघडलेली आहे. कुणी, आणि का, हे विचार. फिल्टरच्या आट्यांना पोचा आहे का ते बोट फिरवून पाहा. लेन्स पडते तेव्हा तिथेच पहिला घाव बसतो. झूमची रिंग टोकापासून टोकापर्यंत फिरव. वाळूचा करकर आवाज नको.

आता कॅमेऱ्यावर लाव. एफ/२.८ वर ठेवून सपाट विटांची भिंत समोरून काढ आणि चारही कोपरे मोठे करून बघ. चारही सारखेच मऊ असतील तर चालेल. एकच कोपरा पुसट असेल तर आतली एखादी काच सरकलीय. पण त्याआधी कॅमेरा भिंतीला तिरका नव्हता ना याची खात्री कर, नाहीतर चांगल्या लेन्सवर आळ येईल. नंतर मित्राला दूरवरून तुझ्या अंगावर धावत यायला सांग, सलग फोकस लावून फोटोंची माळ काढ. दोन-चार सुटले तर ठीक, अर्धे सुटले तर कॅमेऱ्याच्या सेटिंगची शहानिशा कर आणि पुन्हा पळव. मित्र कुरकुरला तर पळ म्हणावं, लेन्स तुलाही वापरायला देईन.

लेन्स बंद असताना हलवली की आत काहीतरी खटखटतं, ते पुष्कळ लेन्सेसमध्ये स्वाभाविक असतं. स्थिरीकरणाचा काचगट मोकळा झुलत असतो. फोकस होताना घासल्याचा किंवा किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर मोटर थकलीय. मॉडेल फार जुनं असेल तर अधिकृत सेवा केंद्रात एक फोन करून सुटे भाग मिळतात का ते विचारून घे. भाग मिळत नसतील तर तेवढा भाव कमी व्हायलाच हवा.

१५०-६०० घेऊन सीमारेषेबाहेर बसतो. क्रिकेटचे सकाळचे फोटो धारदार, दुपारचे ६०० वर सगळे लोण्यासारखे. शटर १/२००० असतं. फोकस जुळवून (कॅलिब्रेट करून) घ्यावा का?

घाईनं जुळवायला जाऊ नका, चांगली जुळलेली लेन्स बिघडवून ठेवाल. सकाळी धारदार येतंय म्हणजे फोकस ठीक आहे. दुपारी तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर चढते आणि तिच्यातून येणारा प्रकाश थरथरतो. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून किमान ५९.४३ मीटर असते. म्हणजे फलंदाज आणि तुमच्यामध्ये साठ-सत्तर मीटर तापलेली हवा. तिच्यावर शटरचा इलाज नाही आणि महाग लेन्सचाही नाही. उलट लेन्स जितकी लांब तितकी ती थरथर मोठी होऊन दिसते.

करता येण्यासारखं थोडंच आहे. जमिनीलगत बसू नका, प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर चार-सहा रांगा वर जा. सगळ्यात वाईट हवा जमिनीला चिकटून असते. डांबराचा किंवा सिमेंटचा पट्टा ओलांडून फोटो काढायची वेळ येणार नाही अशी जागा निवडा. थंड गाडीतून काढलेली लेन्स लगेच वापरू नका, तिला बाहेरच्या हवेशी जुळायला वेळ द्या. फलंदाज ६०० वर टिपायचा तर सकाळीच टिपून घ्या. दुपारी सीमारेषेवर क्षेत्ररक्षक झेपावतात, ते तुमच्यापासून वीस मीटरवर असतात. तेवढ्या हवेतून २०० मिमीवर फोटो स्वच्छ येतो. तुमच्या लेन्सचा १५० कडचा भाग आहेच की त्यासाठी.